अक्षरे ओळखीची, अर्थ अनोळखी
दोहा शहरातले नऊ दिवस आणि अरबीचे पहिले धडे

आपल्या घरांत मूल पाच-सहा वर्षांचे झाले की हातात कायदा येतो. अलिफ-बे संपते, जेर-जबर-पेश येतात आणि मग नाजरा सुरू होतो. पहिला कुरआन पूर्ण झाला की मोहल्ल्यात मिठाई वाटली जाते. भोकरसारख्या तालुक्याच्या गावातही असे घर क्वचितच सापडेल, जिथे अरबी अक्षर वाचणारे कोणी नाही. अल्हमदुलिल्लाह, ही मोठी नेमत आहे. पण वाचणे आणि कळणे यांत किती अंतर असते, ते आम्हाला आमच्याच एका विद्यार्थ्याने दाखवले.

आमच्या शाळेतून दहावी झालेला हा मुलगा आठ-दहा वर्षांपूर्वी आखातातल्या एका देशात ड्रायव्हर म्हणून गेला. दोन वर्षांनी बहिणीचे लग्न ठरले म्हणून त्याने सुट्टी मागितली. कार्यालयात त्याच्यासमोर अरबीतला एक कागद ठेवला गेला. सुट्टीचा अर्ज असेल असे समजून त्याने सही केली. लग्न झाले, परतीची तयारी सुरू झाली, तेव्हा कळले की तो कागद राजीनाम्याचा होता. नोकरी गेली आणि दोन वर्षांच्या सेवेचा जो हिशोब मिळायचा तोही बुडाला. आमच्या ओसरीवर बसून तो म्हणाला, “मॅडम, अक्षरे सगळी ओळखीची होती. अलिफ, सीन, ते, बडा काफ. जेर-जबर नव्हते, तरी जुळवून वाचले, ‘इस्तिकाला’. पण इस्तिकाला म्हणजे काय ते मला कुठे माहीत?”

उर्दूत राजीनाम्याला ‘इस्तिफा’ म्हणतात. तो शब्दही मुळात अरबीच. पण आज अरबांच्या कार्यालयात त्या जागी दुसरा शब्द चालतो. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणारे आम्हीसुद्धा तो कागद समोर आला असता तर फसलो असतो. ही बोच मनात राहिली होती. म्हणून दोहामध्ये राहणाऱ्या आमच्या धाकट्या बहिणीने फोनवर सांगितले की, “आपा, मी अरबी शिकायला जाते, तेही मोफत,” तेव्हा मागच्या दिवाळीच्या सुट्टीत तिच्याकडे जायचे आम्ही उभयतांनी ठरवले.

फलकांनी घेतलेली पहिली परीक्षा

मुदखेडहून रेल्वेने सिकंदराबाद, तिथून हैदराबादचा विमानतळ आणि पुढे सुमारे चार तासांचे उड्डाण. दोहाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. नोव्हेंबर असल्यामुळे हवा सुखद होती. उन्हाळ्यात मात्र तिथे घराबाहेर पडवत नाही. फिरायला जायचे तर नोव्हेंबर ते मार्च हाच काळ बरा.

मेट्रोच्या स्थानकात बहिणीने आम्हाला थांबवले आणि म्हणाली, “आता सांगा, बाहेर कुठून पडायचे?” समोरच्या पाटीवर मीम, खे, रे, जीम अशी अक्षरे होती. आम्ही वाचले, ‘मखरज’. हा शब्द आम्हाला माहीत होता, पण मदरशातला. हाफिजसाहेब म्हणायचे, “ऐन नीट काढा, मखरज चुकतो आहे.” मखरज म्हणजे अक्षर जिथून बाहेर पडते ती जागा, हे पाठ होते. इथे माणसे बाहेर पडतात तिथेही मखरजच लिहिलेले.

बहीण म्हणाली, “यातून खे, रे, जीम ही तीन अक्षरे वेगळी काढा. खरज म्हणजे बाहेर पडला. आता मराठीतला खर्च आठवा. घरातून बाहेर पडतो तो पैसा.” तसेच आत जाण्याची जागा म्हणजे ‘मदखल’. दाल, खे, लाम. आपल्या शाळेत मूल दाखल होते, सोडताना दाखला मिळतो, कोणी कामात दखल देतो. सगळे एकाच घरातले शब्द. पुढच्या भिंतीवर धूम्रपानाच्या चित्रावर काट मारून ‘ममनूअ’ लिहिले होते. मनाई म्हटले की आपल्याला कळते, ममनूअ म्हणजे जिला मनाई आहे ती गोष्ट. नमाजच्या खोलीवर ‘मुसल्ला अन्-निसा’ होते. निसा म्हणजे स्त्रिया, हे कुरआनातल्या सूरेच्या नावावरून ठाऊक. मुसल्ला म्हणजे मात्र आपल्या घरातली नमाजची चटई नव्हे, तर नमाज पढण्याची जागा.

दहा मिनिटांत चार पाट्या वाचल्या गेल्या. गंमत अशी की, यातले एकही अक्षर नवे नव्हते.

मोफत वर्ग आणि एका शब्दाचे घर

बहिणीची पहिली तीन वर्षे चार भिंतींत गेली. मेहुणे सकाळी कामावर जायचे, मुले शाळेत, आणि ही फ्लॅटमध्ये एकटी. शेजारीण सुदानची. तिला हिंदी येत नाही, हिला अरबी येत नाही. दोघी दारात भेटल्या की सलाम करून हसायच्या आणि दार लावून घ्यायच्या. मग कोणीतरी तिला ‘फनार’बद्दल सांगितले.

फनार म्हणजे दीपस्तंभ. सूक वाकिफ या जुन्या बाजाराजवळ वर चढत जाणाऱ्या गोल जिन्यासारखा एक मनोरा दिसतो. इराकमधल्या सामर्रा शहरातल्या प्राचीन मशिदीच्या मनोऱ्याची आठवण करून देणारा हा मनोरा फनारचा. पूर्ण नाव अब्दुल्लाह बिन जैद आल महमूद इस्लामी सांस्कृतिक केंद्र. ते तिथल्या औकाफ मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. अरबी न येणाऱ्या पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी तिथे अरबीचे मोफत वर्ग चालतात. वेळापत्रक बदलत असते, म्हणून आधी विचारून जावे.

एक दिवस पाहुणे म्हणून आम्हीही तिथल्या स्त्रियांच्या वर्गात मागच्या बाकावर बसलो. वीस वर्षे फळ्यापुढे उभे राहिल्यावर मागच्या बाकावर बसण्याचा हा योग. वर्गात फिलिपाइन्सच्या, श्रीलंकेच्या, केरळच्या बाया होत्या. एक नवमुस्लिम युरोपियन मुलगी होती. ती अलिफ-बेपासून सुरुवात करत होती, पण तिने काढलेले प्रश्न आमच्यापेक्षा बरे होते. कारण तिला प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारायची सवय होती आणि आम्हाला अर्थ सोडून पुढे जायची.

मुअल्लिमांनी फळ्यावर तीन अक्षरे लिहिली: वाव, काफ, फे. अर्थ ‘थांबणे, उभे राहणे’. मग एकेक शब्द काढत गेल्या. कुरआनात वाचताना जिथे थांबतो तो वक्फ. मशिदीसाठी, कब्रस्तानासाठी, मदरशासाठी जी मिळकत कायमची थांबवून ठेवली, जिची खरेदी-विक्री थांबली, तोही वक्फ. त्याचे अनेकवचन औकाफ. बाहेरचा बाजार म्हणजे सूक वाकिफ, उभा बाजार. पूर्वी समुद्राचे पाणी तिथवर यायचे, तेव्हा विक्रेते उभ्यानेच माल विकायचे, असे या नावाचे कारण सांगतात.

आमच्या डोक्यात मात्र दुसरेच चालले होते. उर्दूत वाकिफ म्हणजे माहितगार, आणि मराठीत त्याच शब्दावरून वाकबगार. ज्या बाबतीत माणूस नुसता येऊन जात नाही, थांबून पाहतो, ती त्याला कळते. आम्ही ते सांगितले तेव्हा मुअल्लिमा म्हणाल्या, “मग तुम्ही नव्या नाही. तुमच्या घरात अर्धे सामान आधीपासून आहे. फक्त दिवा लावा.”

फुकटात फिरण्यासारखे दोहा

अरबीत मोफतला ‘मज्जानन’ म्हणतात. हा शब्द बहिणीने आम्हाला पहिल्याच दिवशी पाठ करायला लावला. शिक्षकाच्या पगारात परदेशवारी करायची तर तो सगळ्यात उपयोगाचा. आमचा खर्च झाला तो विमानाचा. शहरात फिरायला मेट्रोच्या साध्या डब्याचे एका फेरीचे तिकीट 2 रियाल आणि दिवसभराचे 6 रियाल. मुशैरिब भागात फिरणारी ट्राम आणि एज्युकेशन सिटीतली ट्राम मोफत.

सूक वाकिफला आम्ही तीनदा गेलो. 2003 च्या आगीनंतर हा बाजार जुन्या पद्धतीने पुन्हा उभा केला आहे. मातीच्या रंगाच्या भिंती, लाकडी वासे, मसाल्याची पोती, बहिरी ससाण्यांची दुकाने आणि त्यांच्यासाठी दवाखानासुद्धा. इथे आमच्या नवशिक्या अरबीची खरी परीक्षा झाली. ‘बिकम?’ म्हणजे केवढ्याला. किंमत अरबी आकड्यांत लिहिलेली असेल तर मराठी माणसाने सावध राहावे. त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा दिसतो आणि त्यांचे शून्य म्हणजे नुसता ठिपका. एका दुकानात पन्नासची पाटी पाहून आमच्या ‘ह्यां’नी ती फुकट समजून उचलायची तयारी केली होती!

तिथेच ‘करक’ प्यायलो. वेलदोडा घातलेला, दाट दुधाचा, खूप उकळलेला चहा. हा शब्द आपल्या ‘कडक’चा. अरबीत ड नाही म्हणून करक झाला. प आणि च ही अक्षरेही अरबीत नाहीत. म्हणून पेप्सीवर ‘बीबसी’ लिहिलेले असते. आपल्या उर्दूतले पे आणि चे ही फारसीची देणगी आहे, हे वर्गात दहा वेळा सांगितले असेल. डोळ्यांनी पाहिले ते त्या बाटलीवर.

शब्द इकडून तिकडे गेले तसा पैसाही गेला होता. एके काळी कतारच्या बाजारात भारतीय रुपयाच चालायचा. 1959 मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा ‘गल्फ रुपया’ काढला. 1966 मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर कतारने तो सोडला. त्याआधी कतारचे मुख्य उत्पन्न मोती होते आणि त्या मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबई होती. समुद्रकिनाऱ्याच्या सुमारे सात किलोमीटरच्या कॉर्निश रस्त्यावर उघड्या शिंपल्यातल्या मोत्याचे शिल्प आहे. समोर जुन्या घडणीची लाकडी गलबते आणि पलीकडे काचेच्या गगनचुंबी इमारती. संध्याकाळी तिथे चालायला एक पैसाही लागत नाही.

कॉर्निशच्या एका टोकाला इस्लामी कला संग्रहालय आहे. आय. एम. पेई या वास्तुकाराने कैरोतल्या इब्न तुलून मशिदीच्या वुजूखान्यावरून त्याची कल्पना घेतली. ते 2008 मध्ये सुरू झाले. आत जायला पाहुण्यांना तिकीट आहे, पण शेजारची बाग सर्वांना मोकळी आहे. आम्ही बागेत बसून घरून आणलेले पराठे खाल्ले.

कतारा सांस्कृतिक गावातही तिकीट नाही. तिथली निळ्या फरशांची मशीद एका स्त्रीने रचली आहे. तुर्कस्तानच्या जैनप फादिल्लीओलू यांनी. आमच्या शाळेतल्या मुलींना हे मुद्दाम सांगायचे, असे आम्ही तिथेच ठरवले. शेजारी कबुतरांसाठी बांधलेले मातीचे उंच बुरूज आहेत. ते पाहत मुले तास-तास रमतात.

मुशैरिबमध्ये चार जुन्या घरांची मिळून संग्रहालये केली आहेत. प्रवेश मोफत. त्यातले बिन जेलमूद घर आम्ही विसरू शकत नाही. हिंदी महासागराच्या काठांवर माणसांची जी खरेदी-विक्री चालायची, तिचा इतिहास तिथे काही न लपवता मांडला आहे. कतारमध्ये गुलामगिरी 1952 मध्ये बंद झाली. शेवटच्या दालनात आजच्या काळातल्या शोषणाचाही विषय आहे. तिथे उभे असताना आम्हाला आमचा तो विद्यार्थी आठवला. दोन गोष्टी एक नाहीत, हे कळत होते. तरी कागद न कळता अंगठा किंवा सही देणारा माणूस किती उघडा पडतो, हे त्या भिंतींपुढे जास्त जाणवले.

पुस्तकांचे घर आणि पाच खांब

मेट्रोच्या हिरव्या मार्गाने एज्युकेशन सिटीकडे गेलो. पाटीवर लिहिले होते, ‘मकतबतु कतर अल-वतनिय्या’. काफ, ते, बे ही तीन अक्षरे: किताब, कातिब, मकतब. उर्दूत मकतब म्हणजे पोरांची शाळा. अरबीत मकतब म्हणजे कार्यालय आणि मकतबा म्हणजे ग्रंथालय. वतन म्हणजे देश. मराठीत मात्र वतन म्हटले की पाटलाचे वतन, देशमुखाचे वतन डोळ्यांपुढे येते.

हे राष्ट्रीय ग्रंथालय 2017 मध्ये वाचकांसाठी उघडले. दहा लाखांहून अधिक पुस्तके एकाच छताखाली पायऱ्यांसारखी मांडलेली, आणि मधोमध जमिनीत खोल उतरलेले जुन्या हस्तलिखितांचे दालन. पाहायला पैसे नाहीत. ब्रिटिश ग्रंथालयाबरोबर त्यांनी 2014 पासून आखाताविषयीची जुनी कागदपत्रे इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत ठेवली आहेत. इंग्रजांच्या काळात आखाताचा कारभार मुंबई सरकारशी जोडलेला होता. म्हणून त्या कागदांत मुंबई वारंवार येते. ते भोकरच्या घरात बसूनही वाचता येतात.

जवळच एज्युकेशन सिटीची मशीद आहे. ती पाच मोठ्या खांबांवर उभी आहे. इस्लामच्या पाच अरकानांसाठी पाच खांब, आणि प्रत्येकावर एक आयत कोरलेली. आम्ही असरची नमाज तिथे पढली. नमाजनंतर बहिणीने पिशवीतून वही काढली. मुअल्लिमांनी पहिल्या महिन्यात दिलेला गृहपाठ तिला आम्हाला दाखवायचा होता. गृहपाठ असा: सूरह फातिहा लिहा आणि त्यातले जे शब्द तुमच्या मातृभाषेत आधीपासून आहेत, त्यांच्याखाली रेघ ओढा.

तिने ‘मालिक’खाली रेघ ओढली होती. आपला मालक. ‘आलमीन’खाली. सगळा आलम. ‘यौम’, ‘दीन’, ‘इबादत’च्या घरातला ‘नअबुदु’, ‘हिदायत’च्या घरातला ‘इह्दिना’. आणि ‘अनअम्त’खाली दोन रेघा होत्या. समासात मराठीत लिहिले होते, “इनाम. दादाजींची इनामी जमीन.”

आमच्या आजोबांच्या सातबाऱ्यावर ‘इनाम’ हा शब्द आम्ही लहानपणापासून पाहिला आहे. निजामाच्या राज्यात मशिदीच्या, दर्ग्याच्या सेवेसाठी इनाम म्हणून जमिनी दिल्या जायच्या. हे सगळ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. आणि दिवसाच्या प्रत्येक नमाजमध्ये, प्रत्येक रकातमध्ये, ज्यांच्यावर तू इनाम केलास, कृपा केलीस त्यांचा मार्ग दाखव, असे आम्ही मागत होतो. चाळीस वर्षांत हे दोन शब्द आमच्या डोक्यात एकदाही शेजारी आले नव्हते. आम्ही तिथे बराच वेळ काही बोललो नाही.

ओळखीचे शब्द फसवतातही

म्हणून अरबी सोपी आहे, असे कोणी समजू नये. ओळखीचा शब्द अनोळखी शब्दापेक्षा जास्त फसवतो. अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका किंवा विचित्र. ‘तकरार’ म्हणजे तक्रार नव्हे, पुन्हा पुन्हा करणे. ‘रकम’ म्हणजे पैशांची रक्कम नव्हे, क्रमांक. कार्यालयात कोणी ‘रकम’ विचारली तर खिशाला हात न लावता फोन नंबर सांगावा. आणि फातिहातला ‘गजब’ म्हणजे मराठीतले ‘गजब झाले’ नव्हे, तर कोप.

पुस्तकातली अरबी आणि बाजारातली अरबी यांतही फरक आहे. तो आम्ही स्वतःच्या खर्चाने शिकलो. सूरह नह्लमध्ये ‘लबन’ म्हणजे दूध, एवढे आम्हाला माहीत होते. ऐटीत दुकानात जाऊन लबनची बाटली आणली आणि चहात ओतली. चहा फाटला. तिथे लबन म्हणजे ताक, आणि दुधाला ‘हलीब’ म्हणतात! सुदानी शेजारणीला हे सांगितल्यावर ती दाराला धरून हसली आणि आत जाऊन दुधाची पिशवी घेऊन आली. तीन वर्षे नुसत्या सलामावर थांबलेल्या या दोघी आता एकमेकींच्या मुलांना सांभाळतात. बहिणीच्या अरबीचे हे सगळ्यात मोठे प्रमाणपत्र, असे आम्ही मानतो.

भोकरमध्ये बसून काय करता येईल?

यासाठी दोहाला जायलाच हवे असे नाही. मराठवाड्याची आणि अरबीची ओळख जुनी आहे. आपला ‘तालुका’ अरबी, ‘तहसील’ अरबी, ‘जिल्हा’ अरबी. शेतकऱ्याचा ‘खरीप’ म्हणजे अरबीत शरद ऋतू आणि ‘रब्बी’ म्हणजे वसंत. ओमानमधल्या सलाला शहरात आजही पावसाळ्याला खरीफच म्हणतात. नांदेड-परभणीकडे चाऊस आडनावाची घरे आहेत. त्यांचे पूर्वज येमेनच्या हद्रमौतमधून निजामाच्या फौजेत आले होते. ही भाषा आपल्या मातीत मुरलेली आहे.

शिकण्याची साधनेही हाताशी आहेत. दिल्लीची राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषद आपल्या केंद्रांमार्फत व्यवहारोपयोगी अरबीचा एक वर्षाचा प्रमाणपत्र आणि दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम चालवते. जगभर ‘मदिना बुक्स’ म्हणून वापरली जाणारी ‘दुरूसुल लुगतिल अरबिय्या’ ही पुस्तके आपल्याच देशातल्या, तामिळनाडूच्या वानियंबाडीच्या डॉ. व्ही. अब्दुर रहीम यांनी लिहिली. ते मदिनेच्या इस्लामी विद्यापीठात बिगरअरबांना अरबी शिकवत. अरबी ज्यांची मातृभाषा नव्हती, त्यांनीच जगाला अरबी शिकवली, यातून आपण धीर घ्यावा.

घरातून कोणी आखातात नोकरीला जात असेल तर बॅगेत लोणच्याची बरणी ठेवण्याआधी त्याला पुढचे शब्द पाठ करायला लावा. अक्द म्हणजे करार. रातिब म्हणजे पगार. इजाजा म्हणजे सुट्टी. इस्तिकाला म्हणजे राजीनामा. तौकी म्हणजे सही. तर्जमा म्हणजे भाषांतर. आणि एक वाक्य: “ला अफहम. उरीदु तर्जमा.” मला समजत नाही, मला भाषांतर हवे आहे. कतारच्या 2004 च्या कामगार कायद्यानुसार करार अरबीत असतो. सोबत दुसऱ्या भाषेतले भाषांतर जोडता येते, पण दोन्हींत फरक निघाला तर अरबी मजकूरच खरा धरला जातो. म्हणून सही करण्याआधी अरबी कागदाचा फोटो जाणत्या माणसाला दाखवावा. समजत नाही म्हणायला लाज वाटू नये. आपल्या मुलांना आपण शाळेत हेच सांगतो आणि मोठे झाल्यावर स्वतः विसरतो.

जायचे असेल तर परवानाधारक एजंटामार्फतच जावे. त्याची नोंद सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. कायद्याने त्याला सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि त्यावरचा कर, एवढेच घेता येतात.

ओसरीवरचा वर्ग

परत आल्यावर आम्ही रविवारी दुपारी आमच्या ओसरीवर तासभराचा वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी सात जण आले. चार गृहिणी, दोन कॉलेजच्या मुली आणि एक आजी. आजींनी आयुष्यात कितीतरी वेळा कुरआन पूर्ण केला आहे. त्या म्हणाल्या, “बेटी, मला नोकरीला कुठे जायचे आहे? पण मी जे मागते ते काय मागते, एवढे तरी कळू दे.” आम्ही फार काही जाणतो असे नाही. बहीण फोनवरून धडा समजावते, आम्ही तो फळ्यावर लिहितो. रोज तीन अक्षरांचे एक घर आणि त्यातले शब्द. मग त्यातला मराठीत कुठला आहे, याची शोधाशोध. ‘कुलूप’ अरबीतल्या कुफ्लवरून आले, हे आजींनाच आधी सुचले.

तिसऱ्या रविवारी तो आमचा विद्यार्थी आला. आता तो गावातच टेम्पो चालवतो. मागे उभा राहून ऐकत होता. आम्ही बसायला सांगितले तर म्हणाला, “धाकटा भाऊ पुढच्या महिन्यात इंटरव्ह्यूला मुंबईला जातोय. त्याला इथे बसवू का?”

आम्ही म्हणालो, “त्याला बसव, आणि तूही बस.”

त्याने चपला काढल्या आणि वही मागितली.